मॅमोग्राफीपासून शेवटच्या रेडिएशनपर्यंत: थांबण्याच्या जागांचा वृत्तांत

पन्नाशी ओलांडल्यावर नियमित तपासणी म्हणून मी मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढायला गेले, तेव्हा दुपारपर्यंत घरी येऊन कपाट आवरायचा बेत होता. ते कपाट आठ महिन्यांनी आवरलं. मधल्या काळात गाठीचं, रक्ताचं, जखमेचं काय काय झालं ते सगळं फाईलमध्ये आहे. मनाचं काय झालं त्याची नोंद फार थोडी आहे, आणि मागून येणाऱ्या बाईला तीच जास्त लागेल, म्हणून लिहिते आहे. उपचार प्रत्येकीचे वेगळे असतात, माझी औषधं तुमची नसतील. थांबण्याच्या जागा मात्र बहुतेक त्याच असतात, आणि मला सगळ्यात जड गेलं ते थांबणंच.

मॅमोग्राफीला फार वेळ लागत नाही. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबतात, दर वेळी काही सेकंद, दोन्ही बाजूंचे मिळून साधारण चार फोटो. पाळी सुरू असेल तर पाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख घ्या, दुखणं कमी होतं. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. वर आणि खाली वेगळे कपडे घाला. आत गेल्यावर तंत्रज्ञ बाईंना मोकळेपणाने सांगा, "दाबायच्या आधी मला सांगा, आणि मी थांबा म्हटलं की थांबा." मी हे दुसऱ्या खेपेला म्हटलं. त्या बाई लगेच "हो, नक्की" म्हणाल्या आणि माझे आखडलेले खांदे खाली आले.

दुसरी खेप झाली कारण सहा दिवसांनी फोन आला, "आणखी काही फोटो काढायचे आहेत, या." एवढंच. मी तो निकालच समजले. वास्तविक कागदावर बायरॅड्स ० लिहिलं होतं. बायरॅड्स ही मॅमोग्राफीचा निकाल सांगायची श्रेणी, आणि ० म्हणजे माहिती अपुरी आहे, अजून फोटो हवेत. अशा तऱ्हेने परत बोलावलेल्या बहुतेक बायांना कर्करोग नसतो. हे एक वाक्य फोनवर कुणी बोललं असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या. तुम्हाला असा फोन आला तर ठेवायच्या आधी विचारा: कशासाठी बोलावलं आहे, किती लवकर यायचं, आणि तोवर शंका आली तर कुणाला विचारू.

त्या खेपेनंतर श्रेणी आली ४. मी घरी बसून हिशेब केला की पाचातले चार म्हणजे जवळजवळ झालंच. तो हिशेब साफ चुकीचा होता. बायरॅड्स ४ मध्ये कर्करोग असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून थोडी जास्त इथपासून पंचाण्णव टक्क्यांच्या आतपर्यंत कुठेही असू शकते, म्हणून तर सुईने तुकडा काढून बघावा लागतो. ४ आला की उपप्रकार अ, ब की क ते विचारा. त्याने चित्र बरंच स्पष्ट होतं.

बायोप्सीत मला दुखण्यापेक्षा आवाजाने हादरवलं. जागा बधिर केलेली असते, पण सुईची स्प्रिंग सुटते तेव्हा स्टेपलर मारल्यासारखा खट्ट आवाज होतो. पहिल्या खट्टला मी एवढी दचकले की डॉक्टरांना थांबावं लागलं. मग त्यांनी सुई हवेत धरून तो आवाज मला दोनदा ऐकवला. पुढचे चार तुकडे शांतपणे निघाले. तुम्ही आधीच मागा, "एकदा आवाज ऐकवा."

मग नऊ दिवस. या नऊ दिवसांवर मी अख्खी वही भरू शकेन. दिवसा कामं होत होती. रात्री तीनला डोळे उघडायचे आणि हात आपोआप त्या पट्टीवर जायचा. ताई राहायला आली होती. तिने दोन गोष्टी केल्या, दोन्ही साध्या. रिपोर्ट कोणत्या दिवशी येईल आणि नाही आला तर कुणाला फोन करायचा, हे तिने केंद्रात विचारून कागदावर लिहिलं आणि तो फ्रिजवर चिकटवला. आणि मला म्हणाली, "काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही. रोज सात ते साडेसात आपण दोघी मिळून काळजी करू, जे मनात येईल ते बोल." रात्री तीनला विचार आला की मी त्याला सातची वेळ द्यायचे. दर वेळी ऐकायचा नाही, पण पुष्कळदा ऐकायचा. नंतर समुपदेशक बाईंकडून कळलं की काळजीला ठरावीक वेळ देणं हे त्यांच्याकडेही शिकवतात.

आजकाल रिपोर्ट थेट मोबाईलवर येतो. एकटीने उघडायचा की डॉक्टरांसमोर, हे तो येण्याआधीच ठरवा. आल्यावर ठरवायची ताकद नसते.

निकाल सांगणाऱ्या डॉक्टर चांगल्या होत्या. आधी विचारलं, "तुम्हाला आत्तापर्यंत काय काय कळलं आहे?" मग सांगितलं, मग गप्प बसल्या. तरी तो शब्द ऐकल्यावर पुढची वीस मिनिटं माझ्या कानात काही शिरलं नाही. ताई लिहून घेत होती, आणि डॉक्टरांना विचारून तिने फोनवर बोलणं रेकॉर्डही केलं होतं. ते रेकॉर्डिंग मी तिसऱ्या दिवशी ऐकलं, तेव्हा कळलं की "लवकर सापडलंय" हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं होतं. मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. सोबत कुणीतरी न्याच. कुणीच नसेल तर रेकॉर्डिंगची परवानगी मागा.

शस्त्रक्रियेबद्दल फार लिहीत नाही. ती झोपेत होते, आणि त्या दिवसात आजूबाजूला माणसंही सगळ्यात जास्त असतात.

केमोच्या आधी नर्सने एक कागद दिला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, ० ते १०. आजचा दिवस धरून गेल्या आठवडाभरात किती त्रास झाला त्या आकड्यावर खूण करायची, आणि बाजूच्या यादीत कसला त्रास तेही. झोप, पैसा, मुलं, भीती, सगळं त्यात होतं. मी २ वर खूण केली. एवढी माणसं रांगेत असताना आपलं रडगाणं कुठे लावायचं, असं वाटलं. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झोप किती होते?" मी म्हटलं, "तीन तास." ती म्हणाली, "मग हा दोन कुणासाठी लिहिलात?" मी खूण खोडून ७ वर केली आणि तिथेच रडले. ४ किंवा त्याहून जास्त आला की पुढे बोलायचं, असा तिथे नियम होता. त्या सातमुळे मला त्याच आठवड्यात समुपदेशक मिळाल्या.

जिमी हॉलंड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात कर्करोगरुग्णांच्या मनासाठी वेगळी सेवा सुरू केली, आणि हे थर्मामीटर ज्या मार्गदर्शक सूचनांमधून आलं त्यांच्यामागेही त्याच होत्या. म्हणजे हा कागद उपचाराचाच भाग आहे. तुमच्याकडे कुणी दिला नाही तर आपणहून म्हणा, "माझा त्रास दहापैकी सात आहे." आकडा सांगितला की समोरचा थांबून ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत माझ्या छातीवरचा एक दगड उतरवला. भेटायला येणारं प्रत्येक माणूस "खंबीर राहा, पॉझिटिव्ह राहा" म्हणत होतं आणि मला वाटत होतं की मी रडले तर गाठ परत येईल. त्यांनी सांगितलं की डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात मनाची अवस्था चांगली की वाईट यावर जगण्याचा काळ ठरत असल्याचं दिसलं नाही. "रडा," त्या म्हणाल्या. "मनाची काळजी घ्यायची ती दिवस सुसह्य व्हावेत आणि उपचार पूर्ण व्हावेत म्हणून." त्या संध्याकाळी सातची वाट न बघता मी रडले.

केमोत केस गेले, पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत, सांगितलं होतं तसेच. त्याची तयारी होती. नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीची. तिसऱ्या डोसच्या वेळी सुई लागायच्या आधीच, दारातल्या हात धुवायच्या द्रावाचा वास आला आणि मला उलटी झाली. वाटलं, डोकं फिरलं आपलं. पण हे ओळखीचं लक्षण आहे: शरीर त्या वासाची आणि उलटीची गाठ बांधून ठेवतं. एकदा ती बसली की उलटीच्या नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत. म्हणून पहिल्या डोसनंतर जरा जरी मळमळलं तरी सहन करत बसू नका, लगेच कळवा. सुरुवातीची उलटी आटोक्यात राहिली तर ही गाठ सहसा बसत नाही. माझी बसली होती, म्हणून मला पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळून सोडायचा व्यायाम शिकवला, आणि आदल्या रात्रीसाठी एक गोळी दिली. चौथा डोस पार पडला.

त्याच दिवशी ताई जिन्यात रडताना सापडली. चार महिने ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. सोबत्याच्या मनाची विचारपूस कुणी करत नाही. आमच्या समुपदेशक बाईंनी तिला वेगळी वेळ दिली. तुम्ही सोबती असाल तर तीही मागा.

रेडिएशनच्या पंधरा खेपा. माझी डावी बाजू, म्हणून हृदयापासून किरण दूर राहावेत यासाठी खोल श्वास घेऊन धरायचा असतो. घरी झोपून वीस सेकंद धरायचा सराव करा. सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं, आणि खोलीत आपण एकट्या. कॅमेऱ्यातून ते बघत असतात, बोललेलं ऐकू येतं; पहिल्या दिवशी मी मुद्दाम "ऐकू येतंय का?" विचारलं आणि छतातून "येतंय" असं उत्तर आलं. त्यानंतर भीती वाटली नाही.

उपचार संपल्यावर सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मी तीन आठवडे अंथरुणातून उठले नाही. रोज कुणीतरी तपासत होतं ते थांबलं, आणि सगळी भीती तेव्हा आली. हे पुष्कळांना होतं. दोन आठवड्यांहून जास्त असं राहिलं तर डॉक्टरांना सांगा, संपलं म्हणून फाईल बंद करू नका. आणि टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोन रोखणारी गोळी, सुरू असेल तर नैराश्याचं औषध लिहिणाऱ्याला ते आवर्जून सांगा, कारण पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीनसारखी काही औषधं त्याचं काम कमी करू शकतात. दुसरी चालणारी असतात. मला तशीच दिली.

गेल्या आठवड्यात सहा महिन्यांची तपासणी होती. आदल्या चार रात्री पुन्हा तीनला जाग. नर्सने कागद पुढे केला, मी ५ वर खूण केली आणि यादीत "भीती"वर बरोबर केलं. ताईने हात पुढे करून स्वतःसाठी एक कागद मागून घेतला.