डावा खांदा, व्यायामाचा सहावा आठवडा

बुधवार, रात्री साडेदहा.

आज परत मोजलं. ती कोनमापकासारखी पट्टी असते ना, गोनिओमीटर, ती लावून फिजिओ म्हणाली कोपर अंगाला चिकटवून ठेवा आणि हात बाहेर फिरवा. ३५ अंश आलं. पहिल्या दिवशी १५ होतं. माझ्या या फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडण्याच्या दुखण्यात, हे बाहेर फिरणंच सगळ्यात जास्त आखडतं म्हणे, मी मात्र इतके दिवस वरच्या फळीवरचा डबा निघत नाही याचंच रडगाणं गात बसले होते.

चूक माझीच. दुखायला लागल्यावर दोन महिने हात पोटाशी धरून बसले, कारण दुखतंय म्हणजे आत काहीतरी फाटतंय हे डोक्यात पक्कं. त्यात कुणीतरी सांगितलं म्हणून एका मालीशवाल्याकडे गेले, त्याने धरून असा हिसका दिला की तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. शुगर आहेच माझी आठ वर्षं, आणि डायबेटिसवाल्यांना हे जास्त होतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

फिजिओने नीट समजावलं. सांध्याभोवती एक पिशवी असते, ती सुजते, जाड होते, आकसते. कूर्चेला नसा नसतात पण या पिशवीत भरपूर, त्यामुळे जरा ताणली की बोंब. वर स्नायू घाबरून आवळून धरतात ते वेगळंच. स्नायू म्हणजे आमच्या सोसायटीतला कुत्रा, पेपरवाल्यावरही चोर आल्यासारखा भुंकतो. म्हणून नियम असा, दुखणं दहापैकी तीन-चार इतकं असलं तरी चालेल, पण रात्रीपर्यंत शांत व्हायला हवं, नाही झालं तर उद्या कमी करायचं.

झोपाळ्याच्या व्यायामात मी पंधरा दिवस घोळ घातला. ओट्यावर उजवा हात टेकून वाकायचं, डावा लोंबता सोडायचा. मी आपली खांद्याने हात हलवतेय. "काकू, हात हलवू नका, अंग हलवा," असं तिने कितीदा सांगितलं असेल! शेवटी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता खांद्यावरचं लक्ष उडालं आणि हात आपोआप घंटेच्या लोलकासारखा डुलायला लागला, काही दुखलंच नाही. याला कॉडमनचा व्यायाम म्हणतात. बोस्टनचा सर्जन होता, फ्रोझन शोल्डर हे नावही त्यानेच १९३४ मध्ये दिलं.

आज दोरीवर चादर टाकली, दोन्ही हातांनी. सासूबाई लगेच, "अगं जपून!" त्यांना काय सांगू, जपूनच तर हे झालं.

उद्यापासून टॉवेल पाठीमागे धरून ओढायचा आहे. ते भयंकर असणार, कारण ब्राचे हुक अजून पुढे लावून मग मागे फिरवतेय.