दादाच्या कोठडीचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे पाठवताना

माझा मोठा भाऊ जमिनीच्या हक्कांसाठी लढणाऱ्या चळवळीत आहे. त्याला अटक झाली तेव्हा खटला उभा राहिला की सगळे स्पष्ट होईल, असे आम्ही धरून चाललो होतो. पण खटला उभाच राहिला नाही, जामीन दोनदा फेटाळला गेला आणि कोणताही गुन्हा सिद्ध न होता कच्चा कैदी म्हणून त्याची दोन वर्षे तुरुंगात गेली. तेव्हा आमच्या वकीलबाईंनी संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाकडे अर्ज करण्याचे सुचवले. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या गटात पाच स्वतंत्र तज्ज्ञ असतात, आणि त्यांच्याकडे जाण्यासाठी देशातले सगळे न्यायालयीन मार्ग संपावे लागत नाहीत, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला. बारा पाने भरून दादाचे काम, त्याचा स्वभाव आणि आमच्यावर झालेला अन्याय. वकीलबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "अटक किती वाजता झाली? कारणे कधी सांगितली? न्यायाधीशांसमोर केव्हा उभे केले?" त्या बारा पानांत यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी फक्त तारखा जुळवत होते. कोठडी वाढवल्याचे सगळे आदेश जमिनीवर ओळीने मांडले, तेव्हा दिसले की चौथ्यापासून पुढे मजकूर अक्षरशः तोच आहे, एका ठिकाणी राहिलेली शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. बदलली आहे ती फक्त तारीख. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नववे कलम सांगते की, खटल्याची वाट पाहणाऱ्याला कोठडीत ठेवणे हा सर्वसाधारण नियम असता कामा नये. म्हणजे कोठडी का हवी, याचा विचार प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा व्हायला हवा. तो झालाच नव्हता, हे त्या एका चुकीने माझ्या बारा पानांपेक्षा जास्त नेमके दाखवले.

कार्यगट मनमानी अटकेचे पाच प्रकार मानतो. आम्ही त्यांतले दोन निवडले: अभिव्यक्ती व सभेच्या स्वातंत्र्याचा वापर केल्यामुळे झालेली अटक, आणि न्याय्य सुनावणीच्या नियमांचा गंभीर भंग. सगळेच प्रकार लावावेत असा माझा आग्रह होता. वकीलबाईंनी तो मोडून काढला, ते बरेच झाले. दादाची संमती मात्र मला स्वतःला विचारायची होती. मुलाखतीच्या जाळीपलीकडून त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "माझ्याबरोबरच्यांना याचा त्रास होणार नाही ना?" मला खात्रीने हो म्हणता आले नाही. त्याने दोन आठवडे घेतले आणि मग होकार दिला.

सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात आणि मागितल्यास जास्तीत जास्त एक महिना वाढवून मिळू शकतो. हा गट म्हणजे न्यायालय नव्हे. तो मत देतो, तुरुंगाचे दार उघडायला पोलीस पाठवत नाही. हे मी घरात आईला पुन्हा पुन्हा सांगत राहिले, कारण तिने दादाचे कपडे धुऊन ठेवले होते.

उत्तर आले, ते प्रतिवादासाठी आमच्याकडे पाठवण्यात आले. कोठडी का आवश्यक आहे, याच्या समर्थनात त्यात दादाची तीन भाषणे उद्धृत केली होती, दुसरे काहीच नव्हते. वकीलबाईंनी त्या परिच्छेदाखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि आमच्या प्रतिवादाची सुरुवात तिथूनच केली.