नानांचा डबा आणि रात्री साडेबाराची लाइट

मी जळगावात पेटंट एजंट आहे. वकील नाही, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर, वर पेटंट ऑफिसची परीक्षा दिलेली. हे दरवेळी सांगावं लागतं कारण गोलाणी मार्केटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात येणारे निम्मे लोक मसाल्याचं नाहीतर पापडाचं नाव घेऊन येतात आणि म्हणतात मॅडम नावाचं पेटंट करून द्या. तो ट्रेडमार्क, पण ठीक आहे, करून देते, घर त्याच्यावरच चालतं. मशीनचं, सर्किटचं खरं काम क्वचित येतं आणि आलं तरी बहुतेक वेळा मीच नाही म्हणते, कारण सर्च केला की तीच वस्तू कोरियात नाहीतर जर्मनीत वीस वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवलेली सापडते.

नानांनाही नाहीच म्हणणार होते.

नाना चोपडा तालुक्यातले, अडावदच्या बाजूचे. मोटर रिवाइंडिंगचं दुकान, शिवाय घरची केळी. खताच्या गोणीत गुंडाळून एक पत्र्याचा डबा घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, हाऊ डबा देखा. मिस कॉल मारा, मोटर चालू." सोबत भाचा होता, त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, नाना ओट्यावर बसून फोन लावताहेत आणि तिकडे विहिरीवर पाणी पडतंय. यूट्यूबवर टाकलाय म्हणाला, चांगले व्ह्यूज आलेत. माझ्या पोटात गोळाच आला.

कारण आपल्या कायद्यात अर्ज करायच्या आधी तुम्हीच जगाला दाखवलं तर ते नवीन राहत नाही. सरकारने नोटिफाय केलेल्या प्रदर्शनात मांडलं वगैरे असेल तर बारा महिन्यांची सवलत मिळते, पण यूट्यूबला ती नाही. आणि दुसरं म्हणजे मिस कॉलवर चालणारं प्रकरण बाजारात कधीचंच आहे, पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं नॅनो गणेश तर किती शेतकऱ्यांनी वापरलंय. वर पेटंट कायद्यातल्या कलम ३ चा (एफ) आहेच, ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करतेय तर त्याला शोध म्हणत नाहीत. सिमचं मॉड्यूल, रिले आणि स्टार्टर एका डब्यात म्हणजे अगदी तेच. इनपास, एस्पेसनेट, पेटंटस्कोप या जुनी पेटंटं शोधायच्या साइटवर शोधलं, ढीगभर निघालं. नानांना फोन करून सांगितलं की मिस कॉलचं काही होणार नाही, पैसे वाया घालवू नका.

ते नाराज झाले नाहीत. एवढंच म्हणाले की ताई एकदा मळ्यात येऊन बघून तर जा, डिओ उडायचा बंद झाला आमचा.

डिओ म्हणजे डीपीच्या, शेतातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, खांबावरचा फ्यूज. तो उडायचा थांबणं मिस कॉलमुळे कसं होईल? उलट फोनवर नाहीतर ऑटोवर मोटर लावणारे वाढले की डिओ जास्त उडतो. ज्यांना शेतीची लाइट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतीला लाइट ठरावीक तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री उठून कोण जाणार म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो बसवलेला, लाइट आली की मोटर आपोआप उचलते. पाच एचपीची मोटर चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, पण उचलताना सहापट. एका डीपीवर नऊ मोटरी एकदम उचलल्या तर चारशे अँपिअर झाले, आणि ६३ केव्हीएच्या डीपीची फुल लोडची मर्यादाच ८४ च्या आसपास. मग फ्यूज जातो, डिओ उडतो, नाहीतर कोणीतरी शहाणा फ्यूजमध्ये जाड तार घालतो आणि डीपीच जळते, ती बदलून येईपर्यंत केळी माना टाकते. वीज कंपनीवाले ऑटो काढा, कपॅसिटर बसवा म्हणून सांगत असतात. कपॅसिटर एखादा बसवतो. ऑटो कोणी काढत नाही.

म्हणून गेले. त्या आठवड्यात त्यांच्या फीडरला रात्रीची पाळी होती, मिस्टर म्हणाले एवढ्या रात्री एकटी कुठे जातेस, मी गाडी चालवतो. विदगावचा पूल ओलांडून धानोऱ्याच्या रस्त्याने गेलो. नानांच्या वहिनींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, मिस्टर दोन भाकरी खाऊन गाडीत जे झोपले ते एकदम परत निघताना उठले.

मी, नाना आणि भाचा विहिरीजवळच्या खोलीत बसलो. भिंतीवर बोर्ड, त्यावर जुना काट्याचा व्होल्टमीटर, काचेच्या आत मुंग्यांनी मातीचं घर केलेलं पण काटा बरोबर चालत होता. डीपीपासून ही शेवटची विहीर. साडेबाराला बल्ब लागला, काटा ४२० च्या वर गेला. आणि काहीच झालं नाही! एकही मोटर नाही. मी नानांकडे बघितलं, ते तंबाखू मळत होते. मग आमच्याच खोलीत खट्ट झालं, स्टार्टरमधला काँटॅक्टर बसला, काटा खाली आला, परत वर सरकून थांबला, पाइपातून पाणी सुरू झालं. थोड्या वेळाने काटा पुन्हा डुबकी मारून वर आला. "हाई बापूनी मोटर," नाना म्हणाले. मग परत. "हाई तिकडली विहीर." बाहेर मिट्ट काळोख, बाकी मोटरी इथून दिसतही नाहीत, पण काट्याच्या एकेका डुबकीवर नाना आठही जणांची नावं सांगत गेले. शेवटची मोटर लागली तेव्हा काटा ३८० च्या वर होता आणि डिओ जागेवर.

मी विचारलं, हे ओळीने कसं लागतात, एकमेकांना फोन करतात का? नाही म्हणे. टायमर वेगवेगळे लावून ठेवलेत? तेही नाही, डबे सगळे सारखे, सेटिंग काहीच नाही. ज्याच्याकडे व्होल्टेज सगळ्यात कमी त्याचा नंबर पहिला, आणि काट्याने डुबकी मारली की दुसरं कोणीतरी उचलतंय हे ओळखून बाकीचे आपली मोजणी थांबवतात, व्होल्टेज स्थिर झालं की पुढे मोजतात. मी म्हटलं नाना, हे जमणार नाही, लाइट येते तेव्हा एकही मोटर चालू नसते, लोड नाही तर ड्रॉप नाही, सगळ्यांकडे व्होल्टेज जवळपास सारखंच दिसणार, मग कमी कोणाचं हे डब्याला कळतं कसं?

"कालनं याद ठेवस ना तो."

म्हणजे काल मोटर चालू असताना लाइनवर किती व्होल्टेज होतं ते डबा मेमरीत ठेवतो आणि आज लाइट आली की त्या आकड्यावरून स्वतःची थांबायची वेळ ठरवतो. लाइनच्या टोकाला असलेल्याला रोज सगळ्यात कमी मिळतं, म्हणून तो आधी. हे बरोबरही आहे, कारण मोटरची उचलायची ताकद व्होल्टेजच्या वर्गात घटते, व्होल्टेज निम्मं झालं तर ताकद चौथाई, डीपीजवळच्यांनी आधी घेतलं तर टोकाची मोटर नुसती हुंहुं करत बसते आणि तापून जळते. अशा जळालेल्या मोटरी नानांच्याच दुकानात यायच्या. मी तिथे बाजेवर बसूनच मोबाइलमध्ये लिहायला लागले आणि विचारलं की हे तुम्ही ऑफिसात का नाही सांगितलं?

"त्यामा काय शे ताई? मन्ही मोटर उचलेच नै, म्हनीसन करेल शे ते."

म्हणजे स्वतःची मोटर उचलत नव्हती म्हणून केलेली सोय, त्यात काय एवढं! आणि याच कारणाने ते व्हिडिओतही नव्हतं! भाच्याला परत परत विचारलं, व्हिडिओ तीनदा बघितला, त्यात फोन आहे, पाणी आहे, नानांची टोपी आहे, ओळीने मोटरी लागायचा एक शब्द नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं कोणाला. मग पुढची उलटतपासणी. डबे कोणाकडे आहेत? सगळे भाऊबंद, एकाच डीपीवरचे. विकले का? नाही, सामानाचे पैसे घेतले. आत काय आहे कोणाला माहीत? कोणाला नाही. बसवले कधी? गेल्या दिवाळीनंतर. म्हणजे वर्षाच्या आत. कलम ३२ मध्ये अशा चाचणीला जागा आहे, जी वस्तू लोकांसमोर वापरल्याशिवाय तपासताच येत नाही तिची एक वर्षाच्या आतली वाजवी चाचणी चालते. आणि नऊ मोटरी ओळीने लागतात का हे एकट्याच्या विहिरीवर कसं बघणार? नानांना सांगितलं की अर्ज जाईपर्यंत दहावा डबा कोणाला द्यायचा नाही, सख्खा साडू आला तरी नाही.

ते म्हणाले पण सामान तर सगळं जुनंच आहे, मग पेटंट कसलं? त्यांना वायपरवाल्याची गोष्ट सांगितली. डेट्रॉइटचा रॉबर्ट कर्न्स, गाडीचा वायपर थांबून थांबून चालवायचं सर्किट त्याने केलं, १९६४ मध्ये अर्ज टाकला. ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, रेझिस्टर, सगळं बाजारात मिळणारं. कंपन्यांचं म्हणणं हेच की यात नवीन काय. त्याने १९७८ मध्ये फोर्डवर केस टाकली, १९९० मध्ये फोर्डला १ कोटी २ लाख डॉलर द्यावे लागले. नानांनी रुपयात किती होतात ते विचारलं, मग मधली बारा वर्षं त्याने खाल्लं काय ते विचारलं. दुसऱ्याचं उत्तर चांगलं नाहीये, त्याचा संसार मोडला, ते मी सांगितलं नाही.

अर्ज लिहिताना खरी डोकेफोड कलम ३(के) ची होती, त्यात अल्गोरिदमला पेटंट नाही. नुसता अल्गोरिदम म्हणून लिहिलं तर परीक्षक पहिल्याच रिपोर्टमध्ये उडवतो. म्हणून क्लेम, म्हणजे हक्क कशावर मागतोय ते, डब्यावर बांधला, लाइनचं व्होल्टेज मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, लाइट गेली तरी आकडा जपणारी मेमरी, काँटॅक्टर ओढणारा रिले, आणि या तिघांमुळे डीपीवरचा सुरुवातीचा करंट किती खाली येतो ते मोजून. मिस कॉल सगळ्यात शेवटच्या क्लेममध्ये, तोही नानांच्या समाधानासाठी. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाकला, एकट्या माणसाला ऑनलाइन फी १६०० रुपये, बारा महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, द्यायचं, आणि तपासणीची विनंती वेगळी, तिचे ४०००. आपला विभाग मुंबई ऑफिसात येतो पण आता सगळं ऑनलाइन, अँटॉप हिलला जावं लागत नाही. मिळेल का? नऊ मोटरींचे आकडे नीट नोंदवलेत म्हणून आशा आहे, छातीठोक सांगणार नाही. परीक्षक कुठून कुठला जपानी कागद काढेल याचा नेम नसतो.

अर्ज नंबर व्हॉट्सअॅप केला त्याच संध्याकाळी भाच्याने फोटो पाठवला. डब्यावर लाल रेडियमचं मोठं स्टिकर, "पेटंटेड". मी लगेच फोन केला. अर्ज टाकलेल्या वस्तूवर पेटंट मिळालंय असं लिहिणं कलम १२० मध्ये बसतं आणि आता दंड दहा लाखांपर्यंत आहे. पेटंट पेंडिंग लिहा, ते चालतं. पलीकडे बराच वेळ शांतता, मग नानांचा आवाज, शंभर स्टिकर कापून झालेत म्हणे. दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या रेडियमवाल्याने 'टेड' कापून तिथे 'ट पेंडिंग' जोडून दिलं आणि अक्षरं जास्त झाली म्हणून त्याचे वेगळे पैसे घेतले, ते नानांनी माझ्या फीमधून वजा केले.