भूल देताना एस्मोलॉल: नाडी उतरली म्हणजे वेदना गेली असं नाही

श्वासनलिकेत नळी घालताना नाडी आणि रक्तदाब उसळतात. तिथे एस्मोलॉल (नाडी आणि रक्तदाब उतरवणारं, झटपट ओसरणारं बीटा ब्लॉकर औषध) कामाचं: किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, एका मिनिटात शिरेतून. गरज पडल्यास पुढे मिनिटाला किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपासून. अर्धायुष्य (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) जेमतेम ९ मिनिटं, त्यामुळे चूक झालीच तर लवकर निस्तरते. ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) कमी लागतं हे खरं, पण हे भुलीचं औषध नव्हे. भूल उथळ असेल किंवा रक्तस्राव चालू असेल, तरी नाडी शांत दिसते. फसगत इथेच होते. दमा, हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विद्युतसंदेशांत अडथळा) असेल तर जपून, किंवा नकोच. आधीपासून चालू असलेला बीटा ब्लॉकर शस्त्रक्रियेच्या सकाळीही सहसा चालूच ठेवतात. नव्याने त्याच दिवशी मोठा डोस मात्र देऊ नये: २००८च्या 'पॉइज' चाचणीत मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरने हृदयविकाराचे झटके घटले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.