बुरुजाची वही: पावसाळा ते दिवाळी

आधी हिशेब. एकूण ४८ मिनी (टेबलावरच्या लढाईच्या खेळातल्या छोट्या बाहुल्या) ठरवल्या होत्या. फिरंगी (म्हणजे पोर्तुगीज) १८, ते सगळे रंगवून झाले. मराठे ३०, त्यातले १३ पूर्ण, ६ प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारून उभे आणि ११ अजून झिपच्या पिशवीत. बुरूज एक, खिंडारासकट. मे महिन्यात मी याच वहीत "गणपतीपर्यंत सगळं उरकतो" असं लिहिलं होतं. कुठल्या वर्षीचे गणपती ते लिहिलं नव्हतं, तेवढीच पळवाट.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: वसईचा वेढा, फेब्रुवारी ते मे १७३९, चिमाजी अप्पांची फौज, आणि त्यातला शेवटचा तुकडा म्हणजे सॅन सेबस्तियन बुरुजावरचा हल्ला. २८ मिमी मापात, म्हणजे माणूस साधारण तेवढ्या उंचीचा, घरच्या डायनिंग टेबलावर मावेल एवढा. खरं तर मी ठाण्याचाच किल्ला करणार होतो. या मोहिमेत १७३७ मध्ये मराठ्यांनी आधी तोच घेतला, आणि तो आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. पण आज त्या तटाआड मध्यवर्ती कारागृह आहे. मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन तुरुंगाच्या भिंतीला खेटून उभं राहण्याइतका छंद मला अजून लागलेला नाही. म्हणून एका रविवारी एसटी पकडून, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक सोसून वसईला गेलो आणि फक्त दगडांच्या सांध्यांचे फोटो काढले. मामेभाऊ सोबत होता. मापासाठी त्याला प्रत्येक भिंतीपुढे उभं केलं, त्यामुळे आता त्याच्याकडे स्वतःचे शंभरेक फोटो आहेत आणि एकातही तो हसत नाहीये.

भिंत मी १६ सेंटीमीटर उंच ठेवली. आपलं माप साधारण १:५६ धरलं तर खऱ्यात ती नऊ मीटरच्या आसपास होते. टेबलावर बघताना ती बुटकी वाटते. पण याहून उंच केली तर मागच्या माणसाला आपली माणसं हलवताना उभं राहावं लागतं, आणि आमच्यातल्या दोघांना कंबरदुखी आहे.

पहिला बुरूज गेला. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल जपून ठेवला होता, तोच कापला, दगड कोरले, पेन्सिलीनं सांधे दाबले, तीन संध्याकाळी घातल्या आणि मग शहाण्यासारखा त्यावर काळा स्प्रे मारला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. हे मला माहीत होतं. दहा वर्षांपासून माहीत होतं, दुसऱ्यांना सांगतही आलोय. तरी मारला. दोन मिनिटांत तटाला वाळवी लागल्यासारखी भोकं पडली. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते, ते म्हणाले, "चिमाजी अप्पांना तीन महिने लागले रे." दुसरा बुरूज पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर निळी फोम शीट लावून केला. आधी फेविकॉल आणि काळा पोस्टर कलर कालवून दोन हात दिले, ते पूर्ण वाळल्यावरच पुढचं. पहिला बुरूज टाकला मात्र नाही. त्याचीच ढेकळं फोडून खिंडारातला मलबा केलाय, आणि खरं सांगायचं तर तो मुद्दाम केलेल्या दगडांपेक्षा जास्त खरा दिसतो.

जुलै-ऑगस्टबद्दल काय लिहायचं. ठाण्यात या दोन महिन्यांत कॅनमधला प्रायमर मारू नका, बस. हवेत पाणी असलं की रंग भुकटीसारखा बसतो, चेहऱ्याची पुरी वाळूची कागदपट्टी होते. मी ब्रशनं लावायचा प्रायमर घेतला. दोन पातळ हात, मध्ये रात्रभर विश्रांती. वेळ जातो, पण नाक-डोळे शाबूत राहतात. वेट पॅलेटला (ओल्या स्पंजावर रंग ताजे ठेवणाऱ्या डबीला) पाचव्या दिवशी वास यायला लागला. आता त्यातला स्पंज दर रविवारी गरम पाण्यातून काढतो.

मराठे बाजारात नीट मिळत नाहीत, ही जुनी रड. १८व्या शतकातले युरोपियन बंदूकवाले प्लास्टिकच्या स्प्रूवर (सुटे भाग जोडलेल्या चौकटीवर) हवे तेवढे मिळतात. धोप (सरळ तलवार) आणि ढाल घेतलेला माणूस शोधायला गेलं की हात रिकामे. म्हणून मामेभावानं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चार पोझ बनवल्या आणि त्याच्याच रेझिन प्रिंटरवर काढल्या. हातमोजे, आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धुणं, खिडक्या उघड्या, सगळं रीतसर. अडलं ते शेवटी: धुतलेलं रेझिन पक्कं व्हायला अल्ट्राव्हायोलेट लागतं, आणि आम्ही सूर्यावर विसंबून होतो. आठवडाभर सूर्य दिसला नाही. चिकट मावळे गॅलरीतल्या ताटात तसेच पडून. शेवटी ताईचा नेलपॉलिश सुकवायचा दिवा मागितला. एका वेळी तीन मावळे आत, प्रत्येक बाजूला दोन-दोन मिनिटं. छान पक्के झाले. ताईनं तो दिवा नंतर परत घेतला नाही. "तुझ्याकडेच राहू दे" म्हणाली, आणि त्याच दिव्याच्या किमतीचा आकडा मला मोबाइलवर पाठवला.

(हो, १७३९ साठी 'मावळे' हा शब्द जरा मागच्या शतकातला आहे. पण घरात सगळे तेच म्हणतात, मी भांडणं सोडून दिलीत.)

आता रंग. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त शिकलो ते इथेच.

फिरंगी सोपे. १८ जण एका रांगेत, सगळ्यांना एकाच बाटलीतला कोट, मग सगळ्यांच्या विजारी, मग बंदुकीची लाकडं, वर एक तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग). चार रात्रींत पलटण उभी. मराठ्यांचं तसं होत नाही. एकाचा अंगरखा दुसऱ्यासारखा असला की लगेच नाटकातले शिपाई वाटायला लागतात. आणि प्रत्येकाला वेगळा रंग दिला तर टेबलावर पतंगांचं दुकान. दोन महिने मी या दोन टोकांच्या मध्ये हेलपाटे मारले. मग ठरवलं की त्या काळी कापड ज्यांनी रंगायचं तेवढेच रंग घ्यायचे: नीळ, मंजिष्ठ, हळद, गेरू, कोरं मांजरपाट आणि धुऊन धुऊन मळलेलं मांजरपाट. सहाच. प्रत्येक मावळ्यावर त्यातले तीन, आणि शेजारच्या दोघांचं पागोटं एका रंगाचं नको. एवढ्या एका नियमावर १३ जण झाले आणि एकत्र ठेवले तर ते एकाच मुलखातले वाटतात.

कातडीचा रंग हे दुसरं दुखणं. आयत्या संचातल्या बाटलीवर 'फ्लेश' लिहिलेलं असतं आणि आत गुलाबी. त्यात तपकिरी मिसळत बसलात तर माणूस आजारी दिसतो. उलटीकडून या. बर्न्ट सिएना दोन थेंब, यलो ऑकर एक थेंब, आणि काडीच्या टोकावर मावेल एवढं अल्ट्रामरीन. हा झाला पाया. उजाळा देताना पांढरा अजिबात नको, खडू फासल्यासारखं होतं. ऑकरच वाढवत न्या. नाकाचं टोक, गालाचं हाड, मुठीची बोटं, संपलं. फक्त फिरंग्यांना गुलाबी. त्यांच्यातही निम्मे मी उन्हानं रापलेले दाखवलेत, इथला मे महिना कुणाला सोडत नाही.

पागोट्यासाठी ग्रीन स्टफची (मिनींसाठीच्या हिरव्या पुटीची) शेवयांएवढी वळी करून डोक्याभोवती गुंडाळायची आणि ओल्या सुईनं घड्या दाबायच्या. एम-सील मी बेसवरच्या (मिनीच्या पायाखालच्या चकतीवरच्या) दगडमातीसाठी ठेवलंय. पागोट्याला ते लवकर कडक होतं, घडी पाडायला उसंत मिळत नाही.

आणि ढाल. एका मावळ्याची ढाल आठ मिलिमीटर व्यासाची. आपल्याकडच्या ढालीवर चार धातूच्या फुल्या असतात, आतल्या मुठीच्या कड्या त्यांनाच पक्क्या केलेल्या असतात. म्हणजे त्या निव्वळ नक्षी नाहीत, टाळल्या तर ढाल खोटी. ब्रशनं जमेना. टूथपिक तासून, टोक पितळी रंगात बुडवून, श्वास रोखून चार ठिपके. चौथा हमखास वाकडा जातो. पुसायचा, परत काळा, परत चार. एका ढालीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या. तिचा मालक विटकरी पागोट्याचा, डावा पाय पुढे टाकलेला गडी. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

बेसचं थोडक्यात: चहाचा चोथा वाळवून पालापाचोळा म्हणून वापरा, असा सल्ला मीच पूर्वी दिला होता. तो ऑगस्टपुरता मागे घेतो. सहा बेसवर पांढरी बुरशी आली. उन्हाळ्यात वाळवून तव्यावर थोडा परतला असता तर टिकला असता. आता नारळाची शेंडी बारीक कापून वाळकं गवत केलंय. वसईला तेच जास्त शोभतं.

खेळाचे नियम ऑक्टोबरमध्ये पक्के झाले आणि त्याचं श्रेय आमच्या शनिवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फाशांवर चालणाऱ्या, भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या) टोळक्याला. आम्ही पाच जण, वर्तकनगरात एकाच्या घरी जमतो, खेळतो मराठीत. इनिशिएटिव्हला आमच्यात "पहिला हात कुणाचा" म्हणतात, वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला की "विशी", एक पडला की "माती". आमची डीएम (खेळ चालवणारी आणि निवाडा देणारी) एरवी दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवते, म्हणून तिला सगळे बाईच म्हणतात, वयानं ती माझ्याहून लहान असली तरी.

माझा प्रश्न होता सुरुंगांचा. मराठ्यांनी बुरुजाखाली सुरुंग खणले, पेटवले, तट फुटला, माणसं खिंडारात घुसली, आणि मागे राहिलेले सुरुंग तेव्हा उडाले. आपलीच माणसं गेली. हे टेबलावर कसं आणायचं? मी तक्ता बनवला होता, दोन पानी. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "हे सगळं तुम्हाला दिसतंय, मग भीती कसली?" त्यांनी सहा सुरुंग सहा चिठ्ठ्यांवर घेतले आणि पडद्यामागे ठेवले. दर टर्नला प्रत्येक सुरुंगासाठी त्याच गुपचूप एक फासा टाकणार. ५ किंवा ६ आला तर उडाला. १ आला तर वात विझली, सुरुंग कायमचा मेला. २, ३, ४ म्हणजे अजून धुमसतोय. हल्ला करणाऱ्याला फक्त स्फोट ऐकू येणार. उरलेल्यांत मेलेले किती आणि जिवंत किती, कळणार नाही. थांबावं तर आतले फिरंगी दर टर्नला खिंडारात पिंपं आणि वाळू रचतात. जावं तर पायाखाली काय आहे देव जाणे.

तिऱ्हाइतानं निवाडा करायची ही पद्धत काही आमची नवी नव्हे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइसविट्झचा क्रीगश्पील हा युद्धखेळ असाच चालायचा: मध्ये पंच, दोन्ही बाजूंना अर्धवट माहिती. डीएम त्या पंचाचीच पणती म्हणायची. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग पंचांना चहा कोण देणार?"

पहिला पूर्ण खेळ दिवाळीच्या आधीच्या शनिवारी झाला. मी आत, मामेभाऊ बाहेर. पहिल्याच टर्नला दोन स्फोट, खिंडार उघडं. मामेभावानं बाईंकडे पाहिलं. बाई पडद्यामागे वहीत काहीतरी लिहीत होत्या, चेहरा पेपर तपासतानाचा. "जाऊ का?" "मला काय विचारतोस? सेनापती तू." त्यानं १२ माणसं खिंडारात घातली. सगळ्यात पुढे विटकरी पागोटं, त्यानंच उचलून ठेवलं, म्हणाला, "हा छान रंगवलायस."

मी फासे उचलायच्या आत बाईंनी शांतपणे सांगितलं, "तिसरा उडाला."

पाच माणसं एका झटक्यात. पहिला तो. दोन संध्याकाळींची ढाल आडवी. मी जिंकत होतो आणि मला वाईट वाटत होतं. खेळ संपल्यावर बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या: त्या क्षणी एक मेलेला होता आणि तीन धुमसत होते. "तिघांपैकी एक तरी उडण्याची शक्यता २७ पैकी १९," त्या म्हणाल्या, "आणि तू गेलास." मामेभाऊ म्हणाला, "मला कुठं माहीत होतं तीन आहेत ते." बाई म्हणाल्या, "त्यांनाही नव्हतं."

सातव्या टर्नला त्यानं बुरूज घेतला तरीही. उरलेल्या माणसांनिशी. मला शरणागतीच्या अटी मागाव्या लागल्या. त्या मात्र इतिहासाप्रमाणे ठेवल्या, बायकामुलांसह आणि मानानं बाहेर पडायची मुभा.

एक बदल करतोय: विझण्याचा आकडा १ ऐवजी १ आणि २ करून पाहणार. आता सुरुंग फारच भरवशाचे आहेत. कुणी करून पाहिलं तर कळवा.

दिवाळीत बुरूज खाली सोसायटीच्या आवारात गेला. पोरं दरवर्षीप्रमाणे किल्ला करत होती, गोणपाट, माती, वर अळीव पेरलेलं. तळमजल्यावरचा सहावीतला मुलगा वर आला, "काका, तुमचा तट द्या ना, आमचा सारखा ढासळतो." दिला. सोबत रंगवलेल्यांतले पाच मावळेही दिले, जांभळी नाक्यावरून आणलेल्या त्यांच्या मातीच्या शिपायांशेजारी ठेवायला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर माझे २८ मिमीवाले महाराजांच्या सिंहासनाच्या पायरीवर ओळीनं उभे, महाराजांच्या मोजडीएवढे. "हे कोण?" विचारलं तर म्हणाला, "ती लहान मुलं आहेत. किल्ला बघायला आलीत."

अळीव उगवलं तेव्हा विटकरी पागोटं त्यात पार बुडालं होतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी चिमट्यानं शोधून काढलं. ढालीवरची चौथी फुली गेलीय.