जोखमीच्या देशात बदलीपूर्वीचं हेरगिरीविरोधी प्रशिक्षण : माझा अनुभव

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात मॉस्कोसारख्या ठिकाणी बदली झाली की दोन प्रकारचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्या दोन्हींतला फरक आधीच समजून घ्या, नाहीतर एकाचे नियम दुसरीकडे लावले जातात. पहिलं व्हर्जिनियात ब्लॅकस्टोनजवळच्या केंद्रात होतं. तिथे गाडी संकटातून बाहेर काढणं, रक्तस्राव थांबवणं, स्फोटकं आणि पाळत ओळखणं शिकवतात. घराबाहेर पडायच्या वेळा आणि रस्ते बदलत राहा, हा तिथला धडा, कारण मागावरचा माणूस हल्ल्याची तयारी करत असू शकतो. घर आणि कचेरीजवळचा जो टप्पा टाळताच येत नाही, तिथे सर्वात सावध राहायचं.

दुसरं हेरगिरीविरोधी ब्रीफिंग. तिथे जवळपास उलटं ऐकायला मिळतं. मॉस्कोत मागे यजमान देशाचीच यंत्रणा असते आणि ती असणार हे गृहीतच धरायचं. तिला चुकवायला जाऊ नका, तिच्याकडे वळून बघू नका, फोटो काढू नका. अचानक गल्लीत शिरलात तर हा साधा राजनैतिक अधिकारी नसावा असा संशय येतो आणि पाळत वाढते. एकच चेहरा वेगवेगळ्या वेळी, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन ठिकाणी दिसला, तर वेळ, जागा आणि कपडे-बूट लक्षात ठेवून सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं. जाकीट, टोपी चटकन बदलता येतात, बूट सहसा नाहीत.

उपकरणांच्या सत्रात दोन जुनी प्रकरणं येतात. ४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत शाळकरी मुलांनी राजदूत हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. ती स्पासो हाउस या राजदूतांच्या निवासस्थानी १९५२ पर्यंत भिंतीवर होती. आत लपवलेल्या, बोलणं चोरून ऐकणाऱ्या यंत्राला ना बॅटरी, ना तार. बाहेरून रेडिओलहर सोडली की आतला पातळ पडदा आवाजाबरोबर हलायचा आणि संभाषण परत जायचं. १९८४ मध्ये मॉस्कोच्या दूतावासातली आणि लेनिनग्राडच्या वाणिज्य दूतावासातली यंत्रसामग्री अमेरिकेत नेऊन क्ष-किरणांखाली तपासली, तेव्हा १६ आयबीएम टाइपरायटरांत कळ दाबल्याची नोंद घेणारी यंत्रं सापडली. म्हणून भेटवस्तू, फर्निचर, बाहेर दुरुस्त झालेलं काहीही दूतावासाच्या प्रतिबंधित मजल्यावर जात नाही. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, फिटनेस पट्टा दाराबाहेरच्या लॉकरमध्ये राहतात. ब्लूटूथचं श्रवणयंत्र असेल तर परवानगी आधीच मागा. बदलीच्या आठवड्यात ती मिळेल अशी आशा धरू नका.

मला सर्वात मोलाचा वाटला तो संवादाचा सराव. गुप्तहेर प्रश्न क्वचितच विचारतो. तो चुकीचं विधान करतो, उदाहरणार्थ ‘तुमच्या राजकीय विभागात आता तिघंच उरलेत म्हणे’, आणि आपण सवयीनं ते दुरुस्त करतो. कधी तो स्वतःचं काहीतरी खासगी सांगून परतफेडीची वाट बघतो, कधी वरिष्ठांबद्दलची आपली तक्रार शांतपणे ऐकून घेतो. हे शेवटचं सर्वात घातक. उत्तराऐवजी विषय बदलायचा, किंवा ‘त्याची मला कल्पना नाही’ म्हणून थांबायचं. खोटं रचू नये, पुढच्या भेटीत ते सांभाळावं लागतं.

घरी परतल्यावर त्याच दिवशी अशा भेटीची नोंद लिहायची: कोण, कुठे, किती वाजता, बोलणं कुणी सुरू केलं, समोरच्याला आपल्याबद्दल काय ठाऊक होतं, काय विचारलं, पुढची भेट कुणी सुचवली. बहुतेक जण इथेच चुकतात. पहिल्या भेटीत संशयास्पद काही नसतं म्हणून लिहीत नाहीत, आणि तिसऱ्या भेटीत लिहायला गेलं तर आधीच्या दोन का लपवल्या हा प्रश्न उभा राहतो. तो संकोच म्हणजेच त्यांचा फास. मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाचा मरीन पहारेकरी क्लेटन लोनट्री तिथेच काम करणाऱ्या व्हायोलेटा नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडला. तिनं ‘साशा मामा’ म्हणून केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेच्या अधिकाऱ्याची ओळख करून दिली. डिसेंबर १९८६ मध्ये त्यानं स्वतःहून कबुली दिली, पण तोवर कागदपत्रं गेली होती. १९८७ मध्ये तो दोषी ठरला. भारतीय वाचकांना इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयातलं प्रकरण आठवत असेल: द्वितीय सचिव असलेल्या महिलेला २०१० मध्ये अटक झाली आणि २०१८ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं तिला दोषी ठरवलं.

जोडीदारालाही ब्रीफिंगला न्या. घरकामाची बाई, शिकवणीचे सर, जिममधली ओळख हे सगळं घरच्यांपर्यंत आधी पोहोचतं, आणि नोंद कशी करायची हे त्यांना ठाऊक नसतं. मोठ्या मुलांनाही एवढं सांगून ठेवा की घरातलं बोलणं भिंतींना ऐकू जातं असंच समजायचं. आईबाबांचं भांडण, पैशांची ओढाताण, आजीचं आजारपण, यातलं काहीही उद्या कुणाच्या तरी फाइलमध्ये असू शकतं. असं बोलायचंच असेल तर सुट्टीत देशाबाहेर गेल्यावर बोला.