आत्याच्या फाइलमधले औषध

आत्याच्या केमोची फाइल लावताना आज एका कागदावर अ‍ॅप्रेपिटंट हे उलटीवरच्या औषधाचे नाव दिसले आणि तेव्हापासून मन कशातच लागत नाही. पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस ८०. या खेपेला तिला उलट्या झाल्या नाहीत, याचा आनंद दादा दोन दिवस सगळ्यांना फोन करून सांगतो आहे. ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या, रासायनिक संदेश झेलणाऱ्या रेणूवर) वेदना थांबवण्याच्या आशेने माझी उमेदीची वर्षे गेली, त्यालाच अडवणारे हे औषध आहे, हे त्याला नीट समजावून सांगावेसे वाटले होते, पण ‘माझ्या अभ्यासातलेच औषध आहे’ एवढेच बोलून थांबले. पुढे बोलले असते तर ‘मग तिचे दुखणे त्याने का थांबत नाही?’ असे त्याने विचारले असते, आणि तेवढे एक वाक्य आज मला ऐकायचे नव्हते.

ते आता मीच स्वतःला ऐकवते आहे. तो रिसेप्टर ज्याचा संदेश झेलतो ते रसायन, ‘सबस्टन्स पी’, १९३१ साली ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना घोड्याच्या मेंदूत व आतड्यात सापडले आणि पुढे चाळीस वर्षांनी त्याची अकरा अमिनो आम्लांची साखळी उलगडली. दुखापतीची वार्ता नेणाऱ्या बारीक चेतातंतूंच्या एका टोकातून ते मज्जारज्जूत सुटते आणि दुसऱ्या टोकातून त्वचेत, सांध्यात. तिथे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात, रक्तद्रव ऊतींत पाझरतो आणि जागा सुजते. वेदना आणि सूज एकाच तंतूच्या दोन टोकांना असू शकतात, हे मला प्रथम नीट समजले त्या संध्याकाळी मी वसतिगृहापर्यंत चालत गेले होते, कारण बसमध्ये गप्प बसणे शक्यच नव्हते.

पुढे सारे जुळतच गेले. या पदार्थाच्या एनके-१ रिसेप्टरला अडवणारे रेणू १९९१ पासून हाती येऊ लागले. १९९७ मध्ये पॅट्रिक मँटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मज्जारज्जूतील नेमक्या हा रिसेप्टर असलेल्या पेशी नष्ट केल्या, तेव्हा मिरचीतल्या कॅप्सेसिनने वाढणारी वेदना बरीच उतरली आणि साधा स्पर्श वा चिमटा जाणवण्याची क्षमता मात्र शाबूत राहिली. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा होता? तरीही माणसांवरच्या चाचण्यांत, संधिवातात, अर्धशिशीत, मज्जातंतूंच्या दुखण्यात, ही औषधे एकेक करून निष्प्रभ ठरली. सरांच्या खोलीत तेव्हा जी शांतता असे, तिच्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन.

कारणे मी वर्गात दरवर्षी सांगते. तोच तंतू वेदनेचा संदेश नेणारी इतर रसायनेही सोडतो: ग्लुटामेटही सोडतो, सीजीआरपीही सोडतो. एका दाराला कुलूप लावले तरी शेजारची दारे उघडीच राहतात. शिवाय उंदीर तापलेल्या पट्टीवरून पंजा उचलतो, चाटतो, आणि आपण सेकंद लिहून घेतो. पहाटे तीन वाजता भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला जे होते, ते त्या सेकंदांत येत नाही. हे मला मान्य आहे, आणि मान्य असूनही ते लागते. त्याच तंतूच्या टोकातल्या सीजीआरपीवर काम करणाऱ्यांना २०१८ मध्ये अर्धशिशीचे औषध बाजारात आलेले पाहायला मिळाले. इतक्या जवळ असून आमचा रेणू चुकीचा निघावा, याचे दुःख मी कोणाजवळ बोललेले नाही. आईला तर नाहीच.

आणि आत्याला खरोखर दिलासा देते ते मॉर्फिन. अफूतून ते वेगळे केले गेले एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्याचा रिसेप्टर दाखवून दिला गेला तो १९७३ मध्ये. दीडशेहून अधिक वर्षे ते रिसेप्टर ठाऊक नसताना वेदना शमवत होते, आणि आम्हाला रिसेप्टर ठाऊक असताना वेदना शमवता आली नाही. दुपारभर याच वाक्याभोवती मी फिरत होते.

संध्याकाळी वरणभात कालवून नेला. तो संपवून आत्या म्हणाली, “दादा सांगत होता, तुझ्या अभ्यासातलंच काहीतरी औषध आहे म्हणे. उंदरांना दुखवून शिकलीस, ते माझ्या कामाला आलं का गं?” तिला बरे वाटावे म्हणून मला काही सजवून सांगता येईना. म्हटले, “उलटीच्या कामाला आलं आत्या, दुखण्याच्या नाही आलं.” तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग अर्धं आलं की. जेवले ना मी?”

ते अर्धेही आमच्या हिशेबात नव्हते. हाच रिसेप्टर मेंदूच्या देठातल्या उलटीच्या केंद्रातही असतो. तो अडवला की फेरेट या प्राण्याच्या केमोमुळे होणाऱ्या उलट्या थांबतात, हे दिसले आणि २००३ मध्ये अ‍ॅप्रेपिटंटला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या बातमीने आमच्याकडे कोणाला आनंद झाल्याचे आठवत नाही, कारण आम्ही वेदनेची माणसे होतो आणि मळमळ हा दुसऱ्यांचा विषय होता. आज रिकामी वाटी हातात घेऊन उठताना मला त्याचा आनंद झाला, उशिरा पण पुरता.

दुखणे मात्र आहेच, आणि रात्री ते वाढते. दर चार तासांची मॉर्फिनची मात्रा पहाटे उतरते, म्हणून झोपताना दुप्पट मात्रा देण्याची पद्धत आहे. आत्याच्या मूत्रपिंडाची अवस्था पाहता ती तिला चालेल का, हे उद्या राउंडच्या आधी डॉक्टरांना विचारायचे आहे. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा क्रिएटिनिनचा अहवाल दादाच्या पिशवीत आहे, तो आठवणीने मागून घ्यायला हवा.